टायरी कूपर

टायरी कूपर हे शिकागोचे हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे निर्माते आणि डीजे, आणि हाउसच्या ठेक्यावर रॅप बसवणाऱ्या ‘हिप हाउस’ शैलीच्या आद्य कर्त्यांपैकी एक. सुरुवात मात्र निखळ हाउसपासून: ‘आय फिअर द नाइट’ (१९८६), पुढे रोलँड टीबी-३०३ या बास-सिंथेसायझरच्या किंचाळत्या आवाजावर उभे असलेले ‘ॲसिड ओव्हर’. रॉकी जोन्स यांच्या डीजे इंटरनॅशनल कंपनीने १९८८ मध्ये ‘टर्न अप द बास’ काढले. त्यात रॅप कूल रॉक स्टेडी यांचा. १९८९ मध्ये ते ब्रिटनच्या विक्रीयादीत १२व्या क्रमांकापर्यंत चढले.

पहिले हिप हाउस कोणाचे, यावर वाद झाला. लंडनच्या बीटमास्टर्सचे ‘रॉक द हाउस’ १९८७ मध्येच बाजारात आले होते, त्यामुळे तारखेचा मान त्यांचा. पण रॅपखालचा ठेका कच्चा, बासप्रधान आणि अस्सल शिकागोचा ठेवण्याचे श्रेय कूपर आणि डीजे इंटरनॅशनलचेच फास्ट एडी यांना द्यायला हवे.

या शैलीतली खरी अडचण वेगाची. ९६ बीपीएमच्या (मिनिटाला ९६ ठोके) हिप-हॉपमध्ये चार ठोक्यांचा बार २.५ सेकंद चालतो. १२४च्या हाउसमध्ये जेमतेम १.९४. तेवढेच शब्द कोंबले की रॅपरचा दम तुटतो आणि उच्चार चिरडतात. म्हणून ओळी आखूड ठेवतात, बारचा चौथा ठोका श्वासासाठी मोकळा सोडतात.

दुसरी गफलत खालच्या पट्टीत होते. जुन्या फंक तबकडीवरून उचललेल्या ड्रमच्या तुकड्यात त्याचा स्वतःचा किक (मोठ्या ड्रमचा खर्जातला ठोका) असतो. त्यावर टीआर-९०९ या ड्रम मशीनचा किक आला की आवाज गढूळ होतो. दोन्हींत काही मिलिसेकंदांचे अंतर पडले तर एका ठोक्याचे दोन ऐकू येतात. उपाय म्हणजे तुकड्यातला साधारण १५० हर्ट्झखालचा भाग कापायचा आणि किकचे काम ९०९वर सोपवायचे. असे तुकडे नोंदवून पुन्हा वाजवणाऱ्या एसपी-१२०० सॅम्पलरची स्मृती जेमतेम १० सेकंदांची. त्यामुळे मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५च्या वेगाने वाजवून नोंदवत आणि यंत्रात वेग पुन्हा खाली आणत. त्यातूनच तो खरखरीत पोत येतो.

त्या काळच्या टेक्निक्स एसएल-१२०० टर्नटेबलवर वेग फक्त ±८ टक्के बदलत असे. १२४ बीपीएमची तबकडी ११४च्या खाली जात नसे, म्हणून ९६च्या हिप-हॉपशी ती जुळवताच येत नसे. हिप हाउस मुळातच हाउसच्या वेगात असल्याने डीजेला रॅप रात्रीच्या मधोमध आणता आला. फक्त मिसळताना एक तबकडी इन्स्ट्रुमेंटल (शब्दांविना) हवी, नाहीतर दोन रॅप एकमेकांवर आदळतात.

कूपर पुढे बर्लिनमध्ये स्थायिक झाले आणि तिथून डीजे म्हणून वाजवत राहिले.