काम अर्थपूर्ण वाटतं, मग हुरूप का येत नाही?

कर्मचाऱ्यांच्या पाहणीत एक वाक्य हटकून असतं: 'माझं काम महत्त्वाचं आहे असं मला वाटतं.' या वाक्याला चांगले गुण पडले की अहवालात 'टीम प्रेरित आहे' असं लिहून सगळे मोकळे होतात. पुढे त्याच टीमची कामं रखडायला लागली की कोडं पडतं. खरं तर त्या प्रश्नाने प्रेरणा मोजलेलीच नसते.

कामाचा अर्थ म्हणजे 'हे मी कशासाठी, कुणासाठी करतोय?' या प्रश्नाचं माणसाने स्वतःला दिलेलं उत्तर. प्रेरणा म्हणजे काम करायला लावणारी ऊर्मी. ती तीन ठिकाणी दिसते: माणूस कोणतं काम आधी हाती घेतो, त्यात किती जोर लावतो आणि अडलं तरी किती वेळ चिकटून राहतो. म्हणजे अर्थ विचारून कळतो, प्रेरणा वागण्यातून ओळखायची असते.

दोन्ही एकमेकांशिवायही असू शकतात. कमिशनवरचा विक्रेता आपला माल फालतू आहे हे जाणूनही महिनाअखेरीला जीव तोडून फोन करतो. रात्रपाळीच्या नर्सला आपल्या कामाच्या मोलाबद्दल तिळमात्र शंका नसते, तरी चौथ्यांदा तोच फॉर्म भरताना तिचा हात चालत नाही. पगार, बढती, धाक, शिकण्यातली मजा, सोबतीची माणसं या सगळ्यांतून प्रेरणा येते. अर्थ हा त्यातला एक झरा.

हा झरा किती पुरतो, हे एका छोट्या प्रयोगात छान दिसतं. वर्तन-अर्थशास्त्रज्ञ डॅन एरिली आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये तो प्रसिद्ध केला. कागदावर छापलेल्या अक्षरांमधून ठरावीक जोड्या शोधायच्या. पहिल्या कागदाला 55 सेंट, पुढच्या प्रत्येकाला 5 सेंट कमी. एका गटाचा कागद नाव लिहून घेऊन, नजर टाकून फाइलला लावला जाई. दुसऱ्याचा न बघता गठ्ठ्यावर ठेवला जाई. तिसऱ्याचा त्याच्यासमोर यंत्रात घालून फाडला जाई. मोबदला सगळ्यांना सारखाच. सरासरी कागद झाले अनुक्रमे 9.03, 6.77 आणि 6.34. तिसऱ्या गटाचं काम कुणी तपासणारच नव्हतं. लबाडी करून जास्त कमावणं सोपं होतं, तरी तोच गट सगळ्यात आधी थांबला. व्यवस्थापकाने मात्र मधल्या आकड्याकडे बघावं. केलेल्या कामाकडे दुर्लक्ष करणं हे ते डोळ्यांदेखत फाडण्याच्या अगदी जवळ जातं. पाठवलेला अहवाल कुणी उघडतच नाही, हे लोकांना लवकर कळतं.

मग अर्थ वाढवला की प्रेरणा वाढणारच? इथे हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांचं 1970 च्या दशकातलं, काम माणसाला किती प्रेरित करू शकेल हे मोजणारं मॉडेल कामी येतं. कामाचे पाच पैलू 1 ते 7 मध्ये मोजायचे. कौशल्यांची विविधता, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून होणं आणि त्याचा इतरांवर होणारा परिणाम, हे तीन अर्थाचे घटक. त्यांची सरासरी काढायची. तिला स्वायत्ततेने गुणायचं, मग कामातूनच मिळणाऱ्या फीडबॅकने गुणायचं. येणारा आकडा म्हणजे त्या कामाचे गुण, जास्तीत जास्त 343.

समजा अर्थाचे घटक 5, 6, 7, सरासरी 6. स्वायत्तता 2, फीडबॅक 2. गुण 24. आता ध्येयदृष्टीची भाषणं, भिंतीवरची पोस्टर असं सगळं करून सरासरी थेट 7 वर नेली, तरी गुण होतात 28. अर्थाला हात न लावता स्वायत्तता 2 वरून 4 केली तर 48. नंतरच्या अभ्यासांत साधी बेरीजही या गुणाकाराइतकीच उपयोगी ठरली, त्यामुळे आकडे ब्रह्मवाक्य मानू नयेत. पण अडलंय कुठे ते शोधायला हे गणित पुरेसं आहे.

शोधायची पद्धत अशी. एकेकट्याला विचारा: 'तुझं काम झाल्यावर ते कुणाकडे जातं, आणि तू केलं नाहीस तर कुणाचं काय अडेल?' नेमका माणूस किंवा नेमकी अडचण सांगता आली तर अर्थ शाबूत आहे. दोष दुसरीकडे शोधा. 'माहीत नाही, वरून येतं म्हणून करतो' असं उत्तर आलं तर अर्थाचाच तुटवडा आहे. मग दुसरा प्रश्न: 'गेल्या आठवड्यात कोणता निर्णय तू स्वतः घेतलास?' आणि तिसरा: 'काम नीट झालं की नाही हे तुला कधी आणि कशावरून कळतं?' या दोन्हींवर शांतता पसरली तर परवानग्यांची साखळी कापणं आणि निकाल थेट त्या माणसापर्यंत पोचवणं हाच इलाज.

अर्थाचाच तुटवडा असेल तर लाभार्थी समोर आणा. मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट यांच्या 2007 च्या प्रयोगात विद्यापीठासाठी देणग्या मागणारे कर्मचारी शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याला काही मिनिटं प्रत्यक्ष भेटले. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ 142 टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम 171 टक्क्यांनी वाढलेली होती. ज्यांना विद्यार्थ्याचं नुसतं पत्र वाचायला दिलं, त्यांच्यात असा फरक पडला नाही. तेव्हा भेट घडवताना साहेबांचं प्रास्ताविक टाळा, कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारू द्या, आणि त्या कामाचा फायदा खरोखर झालेलाच माणूस निवडा. ठरवून आणलेला कौतुककर्ता लगेच ओळखू येतो आणि मग पुढच्या खऱ्या भेटीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

एक धोका मात्र आहे. प्राणिसंग्रहालयातल्या रक्षकांवर बंडरसन आणि थॉम्पसन या संशोधकांनी 2009 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. आपलं काम हेच जीवितकार्य मानणारे रक्षक कमी पैसा आणि जास्त त्रास सोसायला तयार होते, आणि व्यवस्थापन याचा फायदा घेतंय का, याकडे त्यांचं बारीक लक्षही होतं. रखडलेल्या पगारवाढीच्या जागी 'तुमच्या कामाचं समाजाला किती मोल आहे' असं पत्र आलं की हेच लोक सगळ्यात आधी बिथरतात.