पिरान्हा प्लांट

पिरान्हा प्लांट : निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘सुपर मारिओ’ खेळमालिकेतील मांसाहारी शत्रुवनस्पती. हिरव्या नळीतून वर येते, दात वाजवते, पुन्हा आत जाते. जपानी नाव ‘पक्कुन फ्लॉवर’. ‘पकु पकु’ हा जपानीत तोंड उघडून-मिटून खाण्याचा आवाज; १९८० सालच्या पॅक-मॅनचे नावही त्याच आवाजावरून पडले. मराठीत करायचेच झाले तर ‘गपकनफूल’ जवळचे. ठाण्या-वाशीकडे १९९० च्या दशकात हा खेळ खेळलेल्यांच्या तोंडी मात्र ते नुसते ‘फूल’. “थांब, फूल आत जाऊ दे” एवढे म्हटले की कळायचे.

हे फूल पहिल्यांदा दिसले ते १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे मुख्य रचनाकार. नळ्या त्याआधीच्या, १९८३ च्या ‘मारिओ ब्रदर्स’ या आर्केड खेळातही होत्या. तिथे त्यांतून कासवे आणि खेकडे बाहेर पडत. १९८५ च्या खेळात नळीला बिऱ्हाडकरू मिळाला आणि ती केवळ येण्याजाण्याची वाट राहिली नाही. मात्र पहिल्याच टप्प्यात, म्हणजे १-१ मध्ये (पहिले जग, पहिला टप्पा), नळ्या असूनही फूल एकही नाही. खेळाच्या प्रोग्रॅममध्येच तशी सोय आहे : टप्पा १-१ असेल तर नळीत फूल ठेवू नये. नवशिक्याने आधी नळीवर चढावे, उडी शिकावी, एखाद्या नळीतून खाली उतरून नाणीही गोळा करावीत. नळी निरुपद्रवी असते असा समज पक्का झाल्यावर १-२ च्या तळघरात पहिले फूल डोके वर काढते.

खरी गंमत त्याच्या वागण्यात आहे. मारिओ म्हणजे खेळाडू चालवतो तो नायक; त्याचा सगळा खेळ उडीचा. शत्रूच्या डोक्यावर पडले की शत्रू चपटा. या फुलावर उडी मारली तर नुकसान मारिओचेच होते. त्याला मारायचे ते आगीच्या गोळ्याने (२०० गुण मिळतात) किंवा मारिओला काही क्षण अजिंक्य करणाऱ्या ताऱ्याच्या अंमलात असताना नुसत्या स्पर्शाने. दोन्ही जवळ नसेल तर एकच उपाय उरतो, थांबणे. फूल जागचे हलत नाही, पाठलाग करत नाही, फेकत काही नाही. ठरल्या गतीने वर येते, क्षणभर थांबते आणि खाली जाते. इकडे वरच्या कोपऱ्यातले घड्याळ उतरत असते. धावत सुटलेल्या खेळाडूला सक्तीने उभे करणारा असा शत्रू त्या खेळात दुसरा नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्यातही एक अदब आहे. मारिओ नळीवर किंवा अगदी लगत, साधारण दोन विटांच्या आत, उभा असेल तर आत गेलेले फूल वर येतच नाही. वर आलेले असेल तर हा नियम लागू नाही. आधी ते खाली जायला हवे. म्हणजे दुरून वाट पाहायची, ते आत गेले की पटकन नळीला चिकटायचे आणि मग निवांत चढायचे. १-२ च्या शेवटी विटांच्या वरून चालत गेले की चौथ्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या जगात नेणाऱ्या तीन नळ्यांची गुप्त खोली लागते. तिथे स्वागताची पाटी झळकताच नळ्यांतली फुले खेळच काढून टाकतो.

हे नियम ठाण्यातल्या मुलांना कोणी छापून दिले नव्हते. इथे आला तो बहुतेक निन्टेन्डोचा मूळ संच नव्हे, तर त्याच्या नकला : टीव्हीच्या मागे वायर खुपसून चॅनल जुळवायचा, आणि ‘९९९९ इन १’ असे छापलेली कॅसेट खोचायची, जिच्यात तेच दहा-बारा खेळ नावे बदलून फिरत असत. कॅसेट चालली नाही तर फुंकर. सोबत माहितीपुस्तिका नाही, असली तर वाचण्याजोगी नाही. त्यामुळे नळीला चिकटून राहिले की फूल येत नाही ही विद्या नौपाड्यातल्या चाळीतून कोपरीला, तिथून मे महिन्याच्या सुट्टीत वाशी-नेरूळच्या सिडकोच्या घरांत आलेल्या मामे-चुलत भावंडांना, अशी तोंडोतोंडी गेली. ज्याला ती माहीत, त्याचा रिमोटवर पहिला हक्क. (कंट्रोलरला तेव्हा रिमोटच म्हणत.) ठाणेकर मुलांना नळीवर चढण्याचे नवल नव्हतेच. तानसा धरणाचे पाणी मुंबईला नेणाऱ्या अजस्र जलवाहिन्या शहरातूनच जातात आणि त्यांवरून चालल्याबद्दल ओरडा न खाल्लेले मूल विरळा.

वनस्पतिशास्त्राशी फुलाचा संबंध अर्धामुर्धा आहे. पिरान्हा हा दक्षिण अमेरिकेतला दातांचा मासा. मिटणाऱ्या जबड्याची कल्पना व्हीनस फ्लायट्रॅपशी जुळते. अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनात वाढणाऱ्या त्या रोपाचे पान काही सेकंदांत केसांना दोनदा स्पर्श झाला तरच मिटते. तेही जागचे न हलता वाट पाहणारे, एवढे साम्य खरे. पण त्याचा सापळा पानाचा असतो, फुलाचा नव्हे. महाराष्ट्रात पावसाळ्यात कासच्या पठारावर फुलणारी ‘सीतेची आसवं’ हीदेखील कीटकभक्षी. दिसायला नाजूक जांभळी, कोणी घाबरणार नाही. पण तिच्या इवल्या पिशव्या सूक्ष्म जीवाला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आत ओढतात. गपकनपणात तिच्यापुढे फ्लायट्रॅप अगदीच संथ.

पुढच्या खेळांत फुलाची जमात वाढली आणि अदब कमी झाली. १९८६ च्या जपानी दुसऱ्या भागात लाल फुले आली; ती मारिओ नळीलगत उभा असला तरी वर येतात. १९८८ च्या तिसऱ्या भागात आगीचे गोळे थुंकणारे फूल, काटेरी चेंडू फुंकरीवर तोलणारे फूल आणि जमिनीत रांगेने दात वाजवणारा काळा मंचर (पुणे जिल्ह्यातल्या गावाशी संबंध नाही) असे प्रकार निघाले. त्याच भागातले सातवे जग सगळे नळ्यांचे. २००२ च्या ‘सुपर मारिओ सनशाइन’मधला पीटी पिरान्हा पायांवर चालतो. आज सर्वांना ओळखीचे असलेले लाल डोके, पांढरे ठिपके, पांढरे जाड ओठ हे रूपही पुढेच स्थिरावले. डोळे मात्र या फुलाला नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ या मारामारीच्या खेळात ते खेळाडूने निवडायचे पात्र झाले. बिचारे तिथे कुंडीसकट लढते.

२०२३ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’मध्ये पहिल्याच जगात एका टप्प्यावर फुले गाऊ लागतात आणि नळ्या सोडून मिरवणुकीने चालू लागतात. नळीला चिकटून उभे राहण्याची जुनी युक्ती तिथे कुचकामी. फूल आता घरी नसते.