ट्रकच्या नाकातली वायर

आई सांगलीहून पहिल्यांदा कॅनडातल्या सॅस्कटूनला आली ती नोव्हेंबरात. विमानतळाबाहेरच्या पार्किंगमधल्या गाड्या बघून तिने विचारलं, "इथे सगळ्यांच्याच गाड्या विजेवर चालतात का रे?" कारण जवळजवळ प्रत्येक गाडीच्या पुढच्या जाळीतून तीन पिनांचा एक प्लग बाहेर लोंबत होता. मी म्हटलं, "अगं, तो पाणी तापवायचा रॉड आहे. आपण बादलीत सोडतो तसाच, फक्त इंजिनात बसवलेला."

तिला समजावं म्हणून सोपं करून सांगितलं खरं, पण नंतर लक्षात आलं की यात सोपं करण्यासारखं काही नव्हतंच. ब्लॉक हीटर म्हणजे खरोखरच रॉड. आणि तो बिघडला की शोध घ्यायची रीतसुद्धा रॉडसारखीच असते.

इंजिनाचा ब्लॉक म्हणजे ओतीव लोखंडाचा मोठा ठोकळा. त्यात सिलिंडरांभोवती पोकळ वाटा असतात आणि त्यांतून कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, फिरतं. ब्लॉक ओतताना या वाटा तयार करण्यासाठी साच्यात वाळूचे गाभे ठेवावे लागतात. ती वाळू नंतर काढून टाकायला बाजूला गोल भोकं राहतात आणि ती वाटीसारख्या पत्र्याच्या टोप्या ठोकून बंद केलेली असतात. इथले लोक त्यांना फ्रीझ प्लग म्हणतात. पाणी गोठलं तर ब्लॉक फुटण्याआधी त्या निसटाव्यात म्हणूनच ठेवल्यात, असं पुष्कळांना वाटतं, पण मूळ कारण वाळूचं आहे. बऱ्याच इंजिनांमध्ये यातलीच एक टोपी काढून तिथे हीटर बसवतात. एलिमेंट कुलंटमध्ये बुडालेलं राहतं, शेजारचं कुलंट तापून वर सरकतं, त्याच्या जागी थंड येतं. पंप नाही, मोटर नाही. जुन्या घरातल्या तांब्याच्या बंबात पाणी जसं आपोआप फिरायचं, तसंच.

एवढा खटाटोप डिझेल इंजिनालाच का जास्त लागतो, ते आधी पाहू. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडायला स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात तो नसतो. तिथे हवा इतकी दाबतात की ती स्वतःच तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल पेट घेतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, तेच इथे जास्त जोरात घडतं. समजा, हवा सतराव्या हिश्शात दाबली. थोडी उष्णता सिलिंडरच्या भिंतींना गेली असं धरून हिशेब केला, तर २० अंशांची हवा साधारण ४१० अंशांवर पोहोचते. सुरुवातीची हवा उणे ३० अंशांची असेल तर २९५ वर. डिझेल आपोआप पेटायला साधारण २१० अंश लागतात. म्हणजे उणे ३० लाही गाडी सुरू व्हायला हवी.

व्हायला हवी, पण होत नाही. कारण त्या हिशेबात इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय असं धरलं आहे. थंडीत ते तसं फिरत नाही. वेग कमी झाला की दाबलेल्या हवेला निसटायला आणि भिंतींना उष्णता देऊन टाकायला जास्त वेळ मिळतो. उष्णतेचा तोटा बराच वाढला असं धरून तोच हिशेब पुन्हा मांडला, की उत्तर १५५ अंशांच्या आसपास येतं. डिझेलचा फवारा पडतो, पण पेटत नाही. धुराड्यातून पांढरा धूर येतो. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल.

वेग कमी का होतो? एक कारण ऑइल. डब्यावर १५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. १५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे २० अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, ०डब्ल्यूची उणे ३५ ला. महाराष्ट्रात वर्षभर बिनबोभाट चालणारं १५डब्ल्यू-४० इथे जानेवारीत काकवीसारखं घट्ट होतं आणि स्टार्टरला तो चिकटा ढवळत इंजिन फिरवावं लागतं. दुसरं कारण बॅटरी. तिच्या आतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. नेमकी ज्या दिवशी जास्त ताकद हवी, त्याच दिवशी तिच्याकडे कमी असते. ग्लो प्लग, म्हणजे सिलिंडरातली विजेवर तापणारी छोटी कांडी, किंवा आत येणारी हवा तापवणारी जाळी मदतीला असते, पण त्यांनाही वीज त्याच थकलेल्या बॅटरीतून घ्यावी लागते. ब्लॉक हीटर मात्र भिंतीतल्या विजेवर चालतो. ब्लॉक गरम असला की सिलिंडरच्या भिंती उष्णता कमी पितात आणि भोवतालचं ऑइलही थोडं सैल होतं. मला या साध्या उपकरणाचं कौतुक वाटतं ते यामुळे.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटामधल्या ग्रँड फोर्क्सचे अभियंते अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ मध्ये अशा हीटरचं पेटंट मिळालं. त्यांनी इंजिनाच्या हेडचा, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणाचा, एक बोल्ट काढून त्या जागी पोकळ, आत एलिमेंट असलेला बोल्ट बसवला. पहिला नमुना तांब्याच्या नळीचा तुकडा आणि जुन्या इस्त्रीचं एलिमेंट यांतून केलेला होता.

आता बिघाडाकडे येऊ. या हीटरचा खरा दोष हा की तो मेला तरी कळत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, आवाज होत नाही. उणे १० अंशांना गाडी थोडी कुरकुरते आणि सुरू होते, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. मग एका सकाळी उणे ३४ असतं. माझ्या पिकअपचं असंच झालं. रात्रभर प्लग लावलेला होता आणि सकाळी इंजिन दगड. एका गॅरेजमध्ये न तपासताच सांगितलं, एलिमेंट जळालंय, बदलावं लागेल. त्यासाठी कुलंट काढा, हीटर काढा, नवा बसवा. मी एक दिवस मागून घेतला आणि भिंतीपासून इंजिनाकडे वीज जशी जाते तसाच तपासत निघालो.

पहिली पायरी अगदी बाळबोध, पण ती चुकवू नये. सॉकेटमध्ये वीज आहे का? टेबललॅम्प लावून बघा. कॅनडातल्या बऱ्याच सार्वजनिक पार्किंगमध्ये वीज वाचवायला सॉकेट ठराविक मिनिटं चालू आणि ठराविक मिनिटं बंद ठेवतात. तिथे एकदाच तपासून निष्कर्ष काढला तर चांगला हीटर बदलला जायचा.

दुसरी पायरी कानांची. आजूबाजूला शांत असताना प्लग लावा आणि बॉनेट उघडून दोन-चार मिनिटं ऐका. चालू एलिमेंटजवळच्या कुलंटमध्ये बारीक बुडबुडे येतात आणि चहाचं आधण उकळी फुटायच्या आधी करतं तसा सूं आवाज बऱ्याच इंजिनांमधून येतो. आवाज आला तर निम्मी काळजी मिटली. आला नाही म्हणून हीटर मेलाच, असं मात्र नाही.

मग मल्टिमीटर. आधी प्लग भिंतीतून काढायचा. चालू विजेवर रोध मोजायचा नाही. गाडीच्या प्लगच्या दोन चपट्या पिनांमध्ये रोध मोजा. किती यायला हवा, हे शाळेतल्या ओहमच्या नियमाने घरीच काढता येतं. व्होल्टेजचा वर्ग करायचा आणि वॅटने भागायचं. इथे व्होल्टेज १२०, त्याचा वर्ग १४४००. माझा हीटर १००० वॅटचा, म्हणून १४.४ ओहम. ७५० वॅटचा असेल तर १९.२, ४०० वॅटचा असेल तर ३६. मीटरने अनंत रोध दाखवला, म्हणजे वाट कुठेतरी तुटली आहे. पण कुठे, हे अजून कळलेलं नाही, आणि गॅरेजची घाई इथेच चुकते. वायर हीटरच्या तोंडापासून सुटी करा आणि थेट हीटरच्या पिनांवर पुन्हा मोजा. माझ्या गाडीत तिथे १४.६ आले. एलिमेंट ठणठणीत होतं, मेली होती वायर. बंपरमागच्या वळणावर ती आतल्या आत तुटली होती. उणे ३० ला प्लॅस्टिकचं वेष्टण कडक होतं आणि रोज वाकवून वाकवून आतली तांब्याची तार थकते. नवी वायर घालायला वीस मिनिटं लागली.

इथे एक अपवाद माहीत असलेला बरा. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांमध्ये हीटरच्या वायरीतच थर्मोस्टॅट असतो आणि तो उणे १८ अंशांच्या वर हीटर चालूच होऊ देत नाही. उबदार गॅरेजमध्ये मोजलं तर अशी वायर तुटलेलीच वाटते. ती कडाक्याच्या थंडीतच तपासायला हवी.

पुढची मोजणी सुरक्षेची, म्हणून ती टाळू नये. प्रत्येक चपट्या पिनेपासून अर्थच्या गोल पिनेपर्यंत मोजा. इथे अनंतच यायला हवं. एलिमेंटमध्ये तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासलेली असते. ती उष्णता जाऊ देते, वीज नाही. पण ती ओल शोषते. नळीला बारीकशी चीर गेली की ओल आत शिरते आणि वीज इंजिनाच्या अंगावर येऊ लागते. प्लग लावताच घरातलं, वीज गळताच आपोआप बंद पडणारं, ईएलसीबीसारखं सॉकेट पुन्हा पुन्हा पडत असेल तर संशय इथे घ्यावा. दुसऱ्या, साध्या सॉकेटला जोडून काम भागवू नये. तो हीटर बदलायचाच.

ओहममीटरला न सापडणारा एक बिघाडही असतो, आणि मला तो सगळ्यांत धोक्याचा वाटतो. इथे रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पिनांवर चढतं, पितळ हिरवं पडतं, सांधा सैल होतो. समजा, त्या सांध्यात फक्त १ ओहम रोध वाढला. मीटर १४.४ ऐवजी १५.४ दाखवेल आणि आपण ठीक आहे म्हणून पुढे जाऊ. पण वीज वाहू लागली की त्या एका ओहममध्ये साधारण ६० वॅट उष्णता तयार होते, तीही शेंगदाण्याएवढ्या जागेत. प्लग वितळतो, कधी आग लागते. म्हणून अर्ध्या तासाने प्लग भिंतीतून काढून हाताने चाचपा. कोमट ठीक, चटका बसला तर तो वापरू नका.

एक्स्टेंशनचंही तेच. ३० मीटरची बारीक, १६ गेजची वायर घेतली तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.८ ओहम होतो. १००० वॅटच्या हीटरला मग ९०० वॅटच मिळतात आणि ५० वॅट वायर तापवण्यात जातात. ती वायर गुंडाळी न सोडता तशीच ठेवली तर ही उष्णता गुंडाळीतच कोंडते. जाड, १२ गेजची वायर घ्यावी आणि ती पूर्ण उलगडावी.

विजेची वाट सगळी चांगली निघाली आणि तरी ब्लॉक थंड, तर कुलंट बघा. पातळी खाली गेली असेल किंवा हवेचा फुगा अडकला असेल तर एलिमेंट उघडं पडतं. बादलीबाहेर चालू केलेल्या रॉडचं जे होतं तेच त्याचं होतं, काही क्षणांत जळतं. म्हणूनच नवा हीटर बसवल्यावर कुलंट भरून आधी इंजिन चालवायचं, हवा बाहेर काढायची आणि मगच प्लग लावायचा. दुकानातून आणलेला हीटर चालतो का, हे बघायला तो टेबलावर कोरडा चालू करणारे लोक मी पाहिले आहेत.

कधी हीटर निर्दोष असतो आणि आपली अपेक्षाच चुकलेली असते. अर्ध्या टनाच्या आसपासचं इंजिन, त्यातलं कुलंट आणि ऑइल मिळून १ अंश वर न्यायला साधारण २८० किलोज्यूल लागतात. १००० वॅटचा हीटर तासाला ३६०० किलोज्यूल देतो. काहीच वाया गेलं नाही तरी तासाला तेरा अंशांच्या आत. प्रत्यक्षात बरंच वाया जातं, म्हणून अर्धा तास लावून उपयोग नाही. उलट इंजिन तापत जातं तशी हवेत निसटणारी उष्णताही वाढते आणि काही तासांनी दोन्ही सारखं होतं. त्यापुढे आपण अंगण तापवत असतो. रात्रभर दहा तास म्हणजे दहा युनिट. टायमर लावून निघण्याआधी चार तास म्हणजे चार युनिट, आणि सकाळी फरक फारसा नाही.

वाऱ्याबद्दल लोक नेहमी विचारतात. हवा उणे २५ आणि वाऱ्यामुळे माणसाला उणे ४० वाटत असेल, तरी इंजिन उणे २५ च्या खाली जात नाही. वारा त्याला तिथपर्यंत लवकर नेतो, एवढंच. पण हीटरने दिलेली उष्णताही तो तितक्याच लवकर पळवतो. जाळीपुढे जाड कापडाचं आवरण बांधलेले ट्रक दिसतात, ते त्यासाठी.

आणि इंजिन जोरात फिरतंय, ब्लॉक कोमट आहे, तरी गाडी पेटत नाही किंवा दोन मिनिटांत बंद पडते, तेव्हा हीटरला दोष देऊ नये. डिझेलमधलं मेण गोठून फिल्टरमध्ये अडकलेलं असतं. डिसेंबरात आपल्याकडे खोबरेल तेलाची बाटली गोठते तसंच हे, फक्त खूप खालच्या तापमानाला. टाकी ब्लॉकपासून लांब असते, तिथे हीटरची ऊब पोहोचत नाही. त्यावर उपाय हिवाळी डिझेलचाच. भारतात इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात लडाखसाठी असं डिझेल आणलं, जे उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. ब्लॉक हीटरला गाडी उभी करायच्या जागी सॉकेट लागतं आणि घाटातल्या मुक्कामावर ते नसतं. तिथे डिझेल न गोठणं हीच पहिली गरज.

आता मी मल्टिमीटर ऑक्टोबरातच बाहेर काढतो, बोटं उघडी ठेवून काम करता येतं तोवर. या वर्षीचा आकडा १४.५. पिना घासून घेतल्या, प्लगच्या टोपीत ग्रीस भरलं, बंपरमागचं वळण सैल बांधलं आणि वायर धुराड्याच्या नळीपासून लांब आहे का ते पाहिलं. आईचा रात्री फोन येतो तेव्हा ती हवामान विचारते, आणि मग रॉड लावलास का ते.