उजव्या खुर्चीपुढचा ब्रेक

टेलरक्राफ्ट बीसी-12डी हे दोन माणसांचं छोटं विमान 1946 साली अमेरिकेच्या ओहायो राज्यात, अलायन्स गावच्या कारखान्यात मोठ्या संख्येनं तयार होत होतं. 65 अश्वशक्तीचं इंजिन, कापड मढवलेलं अंग, आणि शेजारीशेजारी दोन जागा. हाताचं सुकाणू दोघांपुढे, रडरचे, म्हणजे शेपटीची उभी फळी वळवणारे, पेडल दोघांच्या पायांशी. ब्रेक मात्र फक्त डावीकडे बसणाऱ्याच्या टाचांखाली. आज या विमानाचे मालक उजवीकडेही ब्रेक बसवून घेतात, त्याचं मूळ या रचनेत आहे.

आधी हे ध्यानात घ्यायला हवं की हलक्या विमानांना बराच काळ चाकाचे ब्रेकच नव्हते. जे. आर. डी. टाटांनी मुंबईच्या फ्लाइंग क्लबातून 1929 साली परवाना मिळवला तेव्हाची मॉथ विमानं घ्या, किंवा नंतरचं टायगर मॉथ घ्या. शेपटीखाली एक आकडी असे. ती गवतात रुतत, माती खरवडत विमानाचा वेग कमी करी. मैदान चहूबाजूंनी मोकळं असल्यामुळे वाऱ्याकडे तोंड करून कुठूनही उतरता येई. पुढे डांबरी धावपट्ट्या आल्या. त्यावर आकडी झिजू लागली, तिच्या जागी शेपटीचं चाक आलं, आणि वळण्यासाठी, थांबण्यासाठी ब्रेक लागू लागले. डाव्या चाकाला वेगळा, उजव्याला वेगळा.

टेलरक्राफ्ट ज्याच्या नावानं ओळखलं जातं त्या सी. जी. टेलर यांची हकिकत इथं महत्त्वाची आहे. त्यांनी भाऊ गॉर्डनसह बनवलेल्या 'चमी' विमानात दोघं शेजारी बसत. 1928 साली विमान अपघातात गॉर्डन गेले. सी. जी. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डला आले, तिथं मंदीत कंपनी बुडाली, आणि तेलाच्या धंद्यातले विल्यम पायपर यांनी तिची मालमत्ता अवघ्या 761 डॉलरला घेतली. दोघांनी मिळून 'कब' विमान उभं केलं, पण पटलं नाही आणि टेलर बाहेर पडले. कबमध्ये जागा एकामागे एक होत्या. स्वतःच्या नव्या कंपनीत टेलर पुन्हा शेजारीशेजारी बसण्याकडे वळले.

ब्रेकच्या बाबतीत हा फरक मोठा ठरला. पायपरचं जे-3 कब दोन्ही जागांवर टाच-ब्रेक घेऊन आलं. एकट्यानं उडवायचं असेल तर मागच्या जागेवर बसावं लागे, शिकवताना दुसरा पुढे बसे. म्हणजे दोन्ही जागा वैमानिकाच्याच. शेजारीशेजारीच्या विमानात डावी जागा वैमानिकाची ठरली आणि उजवी सोबत्याची. युद्ध संपल्यावर सैन्यातून परतलेला प्रत्येक वैमानिक घरच्यांना घेऊन फिरायला विमान घेईल, असा त्या काळच्या उद्योगाचा हिशेब होता. 1946 या एका वर्षात अमेरिकेत 30,000 हून जास्त नागरी विमानं तयार झाली. सोबत्याला ब्रेक कशाला? दोन पेडल, केबल आणि पट्ट्या यांचं वजनही वाचलं, पैसाही. मला हा कंजूसपणा वाटत नाही. विमान कुणासाठी बनवायचं याचं ते सरळ उत्तर होतं. एरोंका कंपनीच्या 'चीफ' या विमानातही हीच मांडणी होती. (डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्तान एअरक्राफ्टनं घडवलेलं आणि 1958 साली पहिल्यांदा उडालेलं 'पुष्पक' या चीफशी बरंच मिळतंजुळतं. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी जण त्यावर शिकले.)

मग हिशेब बदलला. नवी विमानं पुढच्या चाकाची येऊ लागली आणि शेपटीच्या चाकाचं विमान हाताळणारे कमी होत गेले. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे उतरताना शेपूट जरा बाजूला गेली की ती आणखी जाऊ पाहते, आणि वेळीच सावरलं नाही तर विमान जमिनीवर गर्रकन फिरतं. पंख टेकतो, चाकाचा पाय मोडतो. अमेरिकेत 15 एप्रिल 1991 नंतर अशा विमानासाठी वैमानिकाच्या नोंदवहीत प्रशिक्षकाची वेगळी नोंद सक्तीची झाली. 2004 च्या स्पोर्ट पायलट, म्हणजे हलक्या विमानांच्या सोप्या परवान्याच्या, नियमात 1,320 पौंडांपर्यंतची विमानं बसली, आणि 1,200 पौंडांचं बीसी-12डी त्यात अलगद आलं. जुन्या विमानाला नवे विद्यार्थी मिळाले आणि सोबत्याच्या जागेवर प्रशिक्षक बसू लागला.

मूळचे ब्रेक केबलचे. टाच दाबली की केबल ओढली जाते आणि ड्रममधल्या पट्ट्या चाकाला धरतात. अशा विमानात उजवीकडे पेडल बसवून ते आडव्या दांड्यानं किंवा जादा केबलनं डावीकडच्या यंत्रणेला जोडतात. ज्यांनी हायड्रॉलिक डिस्क बसवली आहे त्यांच्याकडे उजवीकडच्या सिलिंडरमधलं तेल डावीकडच्या सिलिंडरमधून पुढे चाकाकडे नेता येतं. काम दिसायला किरकोळ आहे, पण प्रमाणित विमानात मनाला येईल ते करता येत नाही. विमान ज्या नमुना-प्रमाणपत्रावर, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाच्या रचनेला मिळालेल्या सरकारी मान्यतेवर, उडतं त्यात नसलेल्या मोठ्या बदलाला मान्यताप्राप्त आराखडा लागतो, आणि अमेरिकेत त्याची नोंद 337 क्रमांकाच्या अर्जावर विमानाच्या कागदपत्रांत कायमची राहते. सत्तर-ऐंशी वर्षांचं विमान असेल तर या नोंदी वाचूनच त्याचं आयुष्य कळतं. त्या नीट ठेवणाऱ्या मालकांबद्दल मला फार आदर आहे.

एक गोष्ट मात्र ब्रेक बसवण्याआधी समजून घ्यायला हवी. उजवीकडचा ब्रेक जोर वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. घाबरलेल्या विद्यार्थ्यानं दोन्ही टाचा रोवल्या आणि विमान नाकावर जायला लागलं, तर प्रशिक्षकाकडे कितीही पेडल असले तरी ते ती टाच उचलू शकत नाहीत. उपयोग होतो तो वेग उतरल्यावर, शेपूट भरकटू लागली आणि रडर पुरेना झाला तेव्हा: एका चाकाला बेताचा दाब देऊन विमान सरळ करता येतं. म्हणून अशा विमानात उड्डाणाआधी 'टाचा जमिनीवर' हे विद्यार्थ्याला सांगावंच लागतं, आणि उजवीकडे ब्रेक आले की तिथं बसणाऱ्या प्रवाशालाही.