एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) बसवायचाय? आधी आतलं चाक बघा

गोव्यातली रायबंदर-चोडण फेरीबोट ओहोटीच्या वेळी धक्क्याला लागली की गाड्यांची खरी परीक्षा सुरू होते. उताराचा खालचा भाग नुकताच पाण्याबाहेर आलेला, शेवाळाने बुळबुळीत. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि एखाद्या हॅचबॅकचं एक चाक शेवाळावर जागच्या जागी गरगरत राहतं. दुसरं चाक चांगल्या कोरड्या सिमेंटवर असतं, पण ते ढिम्म हलत नाही. मागचा पिकअपवाला हॉर्नवरचा हात काढत नाही.

यात इंजिनाची चूक नाही. इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरसंच म्हणजे डिफरन्शियल, आणि त्यातल्या साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलचा स्वभावच तो.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. डाव्या-उजव्या चाकांत 1.5 मीटर अंतर धरलं, तर चोर्ला घाटातल्या 180 अंशांच्या वळणात बाहेरचं चाक सुमारे 4.7 मीटर जास्त धावतं. वळण अरुंद असो की ऐसपैस, हा फरक तेवढाच राहतो. हिशेब करून बघा, मजा आहे. चाकांना असं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं हे डिफरन्शियलचं काम, आणि ते तो चोख करतो. अडचण टॉर्कच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोराच्या, वाटणीत आहे. तो दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, आणि सारखा म्हणजे कमी पकड असलेल्याला झेपेल तेवढाच. शेवाळावरचं चाक 50 न्यूटन-मीटर (हे टॉर्कचं माप) पेलत असेल, तर कोरड्यावरच्यालाही 50च मिळणार.

रेस ट्रॅकवर शेवाळ नसतं, पण वळणात गाडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि आतल्या चाकावरचं वजन उतरतं. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आतलं चाक नुसतं धूर काढतं. 1930च्या दशकात ऑटो युनियन या जर्मन कंपनीच्या ग्रांप्री शर्यतीच्या गाड्या याच दुखण्याने बेजार होत्या. त्या गाड्यांचे रचनाकार फर्डिनांड पोर्शे यांच्या मागणीवरून झेडएफ या गिअर बनवणाऱ्या कंपनीने त्यावर लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, तयार केला. एक चाक नुसतं गरगरू लागलं तरी पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क पोहोचवणं हे त्याचं काम.

आज बाजारात मुख्यतः दोन जातींचे एलएसडी मिळतात. त्यांच्यातला फरक एका वाक्यात सांगायचा तर गिअरवाला गुणाकार करतो, प्लेटवाला बेरीज.

गिअरवाल्यात, म्हणजे टॉर्सन किंवा क्वेफ या ब्रँडच्या धर्तीच्या हेलिकल डिफरन्शियलमध्ये, तिरक्या दात्यांचे गिअर जोर आला की कवचावर दाबले जातात आणि त्या घर्षणामुळे जास्त पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क जातो. किती जास्त, याचं प्रमाण ठरलेलं असतं. समजा ते 2.5 आहे आणि आतलं चाक 400 न्यूटन-मीटर पेलतंय. मग बाहेरच्याला 1,000पर्यंत मिळू शकतात, एकूण 1,400. ओपनमध्ये एकूण 800वरच गाडी अडली असती. पण आतलं चाक कर्बवरून (ट्रॅकच्या उंच कडेवरून) हवेत उचललं गेलं तर? शून्य गुणिले अडीच, शून्यच. त्या क्षणी हा महागडा एलएसडी जवळपास ओपनसारखाच वागतो. अशा वेळी डाव्या पायाने ब्रेकला हलका स्पर्श करायची युक्ती आहे. ब्रेकमुळे हवेतल्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि गुणायला काहीतरी हाती लागतं.

प्लेटवाल्यात क्लच प्लेट्सची चवड असते आणि ती स्प्रिंगने आधीच थोडी दाबून ठेवलेली असते. हा प्रीलोड. त्यामुळे एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला काही ना काही टॉर्क मिळतोच. शिवाय अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आतली पिन तिरक्या खाचेवर चढते आणि प्लेट्स आणखी आवळते. खाचेचा कोन बदलून हा जोर हवा तसा ठेवता येतो. फक्त अ‍ॅक्सिलरेटरवर आवळणारा तो वन-वे. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही तेवढाच आवळणारा तो टू-वे, आणि मधला दीड-वे. ड्रिफ्टवाल्यांना, म्हणजे मागची चाकं घसरवत वळणं घेणाऱ्यांना, टू-वे आवडतो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत मात्र तो बसवू नये. वळणात शिरताना गाडी सरळच जायचा हट्ट धरते.

आता प्रश्न तुमची गाडी राहते कुठे याचा. गोव्यात कायमचा रेस ट्रॅक नाही. हौस भागवायची तर कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट गाठायचा, म्हणजे साधारण 900 किलोमीटर. बहुतेक जण तीच गाडी चालवत नेतात आणि चालवतच परत आणतात. वर्षाचे उरलेले दिवस ती फोंडा-पणजी करते. पावसात उसगाव-तिस्क भागात खाणीच्या ट्रकांनी आणलेल्या लाल चिखलावरून जाते आणि बाजाराच्या दिवशी म्हापशात पार्किंगसाठी घिरट्या घालते. प्लेटवाला एलएसडी अशा घिरट्यांमध्ये कटकट आवाज करतो, स्टिअरिंग जड करतो आणि ओल्या रस्त्यावर प्रीलोड जास्त असेल तर वळणात गाडीला बाहेर ढकलतो.

त्यापेक्षाही मोठी गोष्ट तेलाची आहे, आणि ती विक्रेते क्वचितच सांगतात. स्विफ्ट, पोलो अशा फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असतो आणि दोघांचं तेल एकच. प्लेट्स झिजल्या की तो चुरा गिअरबॉक्सभर फिरतो. प्लेट्सना मानवणारं तेल सिंक्रोमेशला (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) मानवेलच असं नाही. तेल वरचेवर बदलावं लागतं, आणि पुढेमागे प्लेट्स बदलायला गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्यावा लागतो. हेलिकलमध्ये झिजायला प्लेट्सच नाहीत. कंपनीने सांगितलेलं तेल चालतं. म्हणून घर ते ट्रॅक एकाच गाडीने जाणाऱ्याला मी हेलिकलच घे म्हणेन. रिअर-व्हील ड्राइव्ह गाडी असेल, डिफरन्शियलचं तेल वेगळं असेल आणि ट्रॅकवर चाक सारखं उचललं जात असेल, तर प्लेटवाल्याचा विचार जरूर करावा.

काही गाड्यांत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून एलएसडीची नक्कल करणारी इलेक्ट्रॉनिक सोय असते. रस्त्यावर, अगदी त्या फेरीच्या धक्क्यावरही, ती पुरते. ट्रॅकवर लॅपमागून लॅप ती ब्रेक तापवत राहते आणि तुमचा अ‍ॅक्सिलरेटर ब्रेकमध्ये वाया घालवते. अर्थात, टायर गुळगुळीत झालेले असतील तर आधी ते बदला. एलएसडी पकड निर्माण करत नाही, असलेली वापरतो.

जुना एलएसडी घेताना विकणारा गाडी जॅकवर चढवून, न्यूट्रलमध्ये एक चाक फिरवून दाखवतो. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर प्लेट्समध्ये प्रीलोड शिल्लक आहे. प्लेटवाला म्हणून विकला जातोय आणि चाक उलटं फिरतंय, तर प्लेट्स गेल्या. हेलिकलला मात्र ही परीक्षा लागू नाही; प्रीलोड नसलेला चांगला हेलिकलही उलटंच फिरवतो. त्याचे दाते उघडूनच बघावे लागतात.

बसवताना जुन्या कवचावरचा क्राउन व्हील (डिफरन्शियल फिरवणारा मोठा गिअर) काढून नव्यावर चढवतात. तेव्हा बेअरिंग आणि ऑइल सील नवेच घाला, आणि शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) मोजूनच घालणारा मेकॅनिक शोधा. अंदाजाने शिम घातली की गिअरबॉक्स काही दिवसांत रडायला लागतो. विमा कंपनीला बदल कळवा, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबाबत कडक आहे, हेही लक्षात ठेवा. आणि प्लेटवालाच घेतला असेल तर ट्रॅकवर नेण्याआधी मोकळ्या मैदानात हळू वेगाने 8 आकड्यात फिरवून प्लेट्स एकमेकींवर नीट बसू द्या, मग ते पहिलं तेल काढून टाका. ते काळपट निघालं तर घाबरू नका. धातूचे तुकडे निघाले तर मात्र गाडी तिथेच उभी करा.