फरशी-तापनासाठी बॉयलरची क्षमता (ग्वाल्हेर)

जमिनीच्या कोब्यात पुरलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून ३५ ते ४५ अंश सेल्सियसचे पाणी खेळवून घर उबदार ठेवण्याच्या पद्धतीला फरशी-तापन म्हणतात; बाजारात ‘अंडरफ्लोअर हीटिंग’ हेच नाव चालते. कोरियातील ओंडोल हे याच कल्पनेचे जुने रूप. भारतात ही पद्धत मुख्यतः काश्मीर, लडाख, हिमाचल या भागांतली. ग्वाल्हेरचा हिवाळा आखूड असला तरी डिसेंबर-जानेवारीत दाट धुके पडते, रात्री पारा ४-५ अंशांवर येतो आणि सकाळी देवघरातल्या दगडी फरशीवर अनवाणी पाय ठेवणे नकोसे होते.

हे पाणी तापवणारा बॉयलर किती किलोवॉटचा घ्यायचा हे खोल्यांच्या चौरस फुटांवरून सांगण्याची रीत आहे. ती इथे फसते. बॉयलरला भरून काढायची असते ती घरातून बाहेर जाणारी उष्णता, आणि ती भिंती, छत, खिडक्या व फटींतून येणाऱ्या हवेवर ठरते. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या लष्कर भागात दीड फुटी दगडी भिंती आणि वर दगडी पटियांचे छत असलेली मराठी घरे अजून आहेत. अशा घरातली ५ × ४ मीटरची, ३.५ मीटर उंच खोली घेऊ. दोन भिंती बाहेरच्या, खिडक्या ३ चौरस मीटर. आत २० अंश तापमान हवे आहे, बाहेर आहे ४. फरक १६ अंशांचा.

दगडी भिंतीतून दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे २.५ वॉट जातात, २८.५ चौरस मीटर भिंतीचे झाले १,१४० वॉट. एकेरी काचेतून सुमारे २६५. छताचा दर ३ धरला तर ९६०. खोलीतली हवा तासाला एकदा बदलते असे मानले, तर तिचे ३७०. एकूण २,७३५ वॉट, म्हणजे जमिनीच्या दर चौरस मीटरमागे १३७.

खरी अडचण इथेच आहे. पायाला सोसेल अशी फरशी २९ अंशांपलीकडे तापवत नाहीत, आणि खोली २० अंशांवर असताना अशी फरशी दर चौरस मीटरला साधारण १०० वॉटच देऊ शकते. बॉयलर कितीही मोठा आणला तरी फरक पडणार नाही. त्यातून मराठी घरात गादी-तक्क्यांची बैठक असते; तिने झाकलेली जमीन हिशेबातून जवळपास वजाच करावी लागते. छतावर ५ सेंटिमीटर उष्णतारोधक फोमचा थर दिला, तर छताचे ९६० वॉट १६० वर येतात आणि खोलीची गरज १,९३५ वर, म्हणजे चौरस मीटरला ९७ वर. काठोकाठ, पण जमते. बैठक मात्र पातळ सतरंजीची हवी. या थराचा उपयोग जानेवारीपेक्षा मे महिन्यात जास्त जाणवेल, ही गोष्ट वेगळी.

अशा चार खोल्यांना ७.७ किलोवॉट लागतात. नळ्यांत आणि जमिनीखाली जाणाऱ्या उष्णतेसाठी दहाएक टक्के वाढवले की ८.५. नऊ-दहा किलोवॉटचा बॉयलर पुरतो. ‘असू द्या, थोडा मोठाच घ्या’ हा सल्ला ऐकू नये. २४ किलोवॉटच्या गॅस बॉयलरची ज्योत फार खाली येत नसेल आणि एकच खोली चालू असेल, तर तो दर काही मिनिटांनी पेटतो आणि विझतो. गॅस जास्त जातो, सुटे भाग लवकर झिजतात. म्हणून घेताना कमाल क्षमतेबरोबर किमान क्षमताही विचारावी. घेतलाच मोठा, तर मध्ये पाण्याची साठवण टाकी बसवावी. कंडेन्सिंग बॉयलर, म्हणजे धुरातली वाफ मुद्दाम निवळवून तिचीही उष्णता वापरणारा, या कोमट पाण्यासाठी सोयीचा असतो. साध्या बॉयलरकडे परतणारे पाणी ५५ अंशांखाली राहिले तर धुरातली वाफ आत निवळून धातू गंजतो, म्हणून त्याला परतणाऱ्या पाण्यात गरम पाणी मिसळणारी मिश्रण-झडप लागते.

आंघोळीचे पाणी त्याच बॉयलरवर घेता येते. मिनिटाला १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला २४ किलोवॉट लागतात, पण तो हिशेब शॉवरचा. १० किलोवॉटचा बॉयलर १८ लिटरची बादली ३० अंशांनी तापवायला चार मिनिटेही घेत नाही.