फोर्ज्ड पिस्टनने ताकद वाढते?

‘आधी फोर्ज्ड पिस्टन टाका, मग बघा गाडी कशी पळते!’ टर्बोवाल्यांमध्ये (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. फोर्ज्ड म्हणजे धातू दाबून घडवलेला, ओतीव पिस्टनपेक्षा दणकट. नुसते पिस्टन बदलून ताकद वाढत नाही. ती येते जास्त हवा आणि त्या मापाचं इंधन जाळून. पिस्टन फक्त मार सोसतो.

उलट २६१८ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा फोर्ज्ड पिस्टन तापला की जास्त फुगतो, म्हणून सिलिंडरमध्ये फट जास्त ठेवावी लागते. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टकटक ऐकू येते ती त्यामुळेच. (घाबरू नका, इंजिन तापलं की थांबते.)

ट्यूनिंग (इंधन आणि ठिणगीची जुळणी) चुकून नॉकिंग, म्हणजे इंधन आपोआप, अवेळी पेटून ठोके बसणं, सुरू झालं, तर फोर्ज्ड पिस्टनही जातो; थोडा उशिरा, एवढंच. टोयोटाच्या २जेझेड-जीटीई या टर्बो इंजिनाचा दबदबा आहे तोही बराचसा ओतीव लोखंडाच्या दणकट ब्लॉकमुळे. त्यात कॉम्प्रेशन (पिस्टन आतलं मिश्रण किती पट दाबतो ते) जेमतेम ८.५:१, म्हणून नॉकिंगचा धोकाही कमी.